मान डोलावणे म्हणजे होकार, की नुसतेच 'ऐकतो आहे'? आपल्या रोजच्या खुणांविषयी

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

आपण समोरच्याला काही सांगतो आणि तो एक शब्दही न बोलता मान डोलावतो. ही मान खाली-वर होत नाही, उजवी-डावीकडे वळतही नाही. आधी एक कान खांद्याकडे झुकतो, मग दुसरा. या कलत्या हालचालीने त्याने नेमके काय सांगितले? 'हो' म्हटले, 'समजले' म्हटले, 'बघू या' म्हटले, की 'बोला, मी ऐकतो आहे' एवढेच कळवले?

माझ्या कामात युरोपातील सहकाऱ्यांशी रोज पडद्यावरून बोलावे लागते आणि आमच्या बाजूच्या डोलणाऱ्या माना पाहून त्यांचा होणारा गोंधळ मी जवळून पाहतो. कोणी त्या हालचालीला नकार समजतो आणि दुखावतो, तर कोणी तिला पक्का होकार समजून पुढचे वेळापत्रक आखतो. माझे स्वतःचे मत असे आहे की ही खूण मुळात निर्णय सांगतच नाही. तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचले आणि आपल्या दोघांत काही बिघडलेले नाही, एवढाच तिचा आशय असतो. काम होईल का आणि केव्हा होईल, हे त्यापुढे वेगळे विचारावे लागते.

हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही, म्हणूनच हा धागा काढला आहे. आपल्या घरात, गावात किंवा व्यवसायात कोणत्या खुणा वापरल्या जातात, कोण कोणाला त्या करतो आणि त्यांचा अर्थ कसा ठरतो, हे तपशिलाने लिहावे. शब्दांची नोंद कोशात होते; खुणा मात्र वापरणाऱ्यांबरोबरच राहतात आणि त्यांच्याबरोबरच जातात, याची मला खंत वाटते.

नूपुर_सातारा (सोमवार, रात्री ९.५२)

फार चांगला विषय आहे. मी नृत्य शिकते, त्यामुळे माझे लक्ष लगेच भरताच्या नाट्यशास्त्राकडे गेले. त्यात मस्तकाच्या हालचालींचे १३ प्रकार दिले आहेत आणि प्रत्येकाचा विनियोगही, म्हणजे तो कोणत्या प्रसंगी वापरावा हेही, सांगितले आहे. पाळीपाळीने दोन्ही बाजूंना जाणारे मस्तक ते 'परिवाहित'. विस्मय, हर्ष, विचार, लीला अशा प्रसंगी त्याचा विनियोग सांगितला आहे. सावकाश आडवे हलणारे मस्तक ते 'धुत', आणि अनिच्छा व निषेध यांसाठी ते येते. म्हणजे नकाराचे मस्तक आजही आपल्या ओळखीचे आहे, तर डोलणाऱ्या मस्तकाला त्या काळीही एकच एक अर्थ चिकटवलेला नव्हता.

हातांचेही तसेच आहे. एका हाताने करायच्या मुद्रा नाट्यशास्त्रात २४ आहेत आणि दोन्ही हातांनी करायच्या १३; परंतु एकट्या 'पताक' हस्ताचे उपयोग मोजायला बसलो तर पान भरते. तळहात तोच, बोटे तशीच सरळ ताणून एकमेकांना जुळलेली, मात्र तो कपाळाशी नेला, छातीशी आणला किंवा पुढे ढकलला की अर्थ पालटतो, आणि त्याच्याबरोबर नजर कुठे गेली यावरूनही पालटतो. शास्त्राने इतके बारकाईने बांधून दिलेल्या खुणांचे असे असेल, तर घरातल्या खुणांना एकेक अर्थ नेमून देता येईल, असे मला वाटत नाही.

माणदेशी (सोमवार, रात्री १०.२०)

आमच्याकडे सुगीच्या दिवसांत नंदीबैलवाला येत असे. गुबुगुबु वाजवून तो बैलाला विचारी, "यंदा पाऊस पडेल का?" आणि बैल मान हलवी. बायामाणसे सुपातून धान्य घालत, कारण शुभ बोलणाऱ्याला विन्मुख पाठवायचे नसते. पण त्याच घरात पोराने न ऐकता मान हलवली की आजी म्हणे, "नंदीबैलासारखी मान हलवू नकोस, कळलं का ते सांग." मान हलणे वेगळे आणि विचार करून होकार देणे वेगळे, हा फरक आपल्या माणसांना पूर्वीपासून पक्का ठाऊक आहे. कृष्णाकाठ, तुमच्या मताला माझा दुजोरा आहे.

उत्तरसमुद्र (मंगळवार, पहाटे १.३५)

मी बरीच वर्षे जर्मनीत राहते. येथे बोटांवर मोजताना सुरुवात अंगठ्याने होते. अंगठा म्हणजे एक, अंगठा आणि तर्जनी मिळून दोन. आपण तर्जनी उभारून 'एक' दाखवतो, तेव्हा दुकानदार क्षणभर थबकून पुन्हा विचारतो. दुसरीकडे, आपण पेरांवर अंगठा फिरवत बारापर्यंत एका हाताने मोजतो, हे पाहून माझ्या शेजारीण बाईंना इतके कौतुक वाटले की त्यांनी ते आपल्या नातवंडांना शिकवले.

होकार-नकाराबद्दल बोलायचे तर बल्गेरियातील लोकांशी वागताना फार सावध राहावे लागते, कारण तेथे आडवी हलणारी मान होकाराची असते आणि मान वर झटकली की तो नकार असतो. ग्रीस आणि तुर्कस्तानातही हनुवटी वर उचलून, बरेचदा भुवया उंचावून आणि जिभेने 'च्' असा आवाज करून, नकार देतात. आपल्याकडे जवळजवळ हीच हालचाल मित्राला दुरून 'काय रे, कसं काय?' असे विचारण्यासाठी होते. इटलीच्या दक्षिण भागातही हा वर झटकलेल्या मानेचा नकार आढळतो आणि उत्तरेकडे तो आढळत नाही. दक्षिणेत प्राचीन काळी ग्रीकांच्या वसाहती होत्या, त्यांच्याशी अभ्यासकांनी याचा संबंध जोडलेला आहे. मानेची एक हालचाल भाषा बदलल्यानंतरही शतकानुशतके एका प्रदेशात टिकू शकते, ही गोष्ट मला अतिशय विलक्षण वाटते.

डार्विनने भावनांच्या आविष्कारावर १८७२ साली लिहिताना असा तर्क मांडला होता की तान्हे मूल नको असलेल्या घासापासून तोंड आडवे फिरवते आणि हव्या असलेल्या घासाकडे पुढे झुकते, त्यातून नकाराच्या व होकाराच्या माना आल्या असाव्यात. हा तर्क वाचायला आकर्षक आहे, पण बल्गेरियातील तान्ही मुलेही घास नको असला की तोंड आडवेच फिरवत असणार. तेव्हा पुढचे सारे आजूबाजूची माणसे शिकवतात, असे मला वाटते.

स्पष्टवक्ता (मंगळवार, सकाळी ८.०५)

माझे मत वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने मांडतो. बोलण्याची साधने अपुरी पडतात तेथे हातवारे येतात. आमच्या शाळेत वक्तृत्वाच्या तासाला हात स्थिर ठेवून, शब्द नेमके निवडून बोलायला शिकवले जाई, आणि त्या शिस्तीचा मला आयुष्यभर उपयोग झाला. आकाशवाणीवरची भाषणे, पत्रे, दूरध्वनी या सर्वांत हात कुठे दिसतात? तरीही अर्थ पूर्णपणे पोहोचतो. मान डोलावून संदिग्ध राहण्यापेक्षा 'होय, गुरुवारपर्यंत देतो' असे स्वच्छ म्हणावे, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. खुणांचे कौतुक करताना आपण संदिग्धतेचे कौतुक करत नाही ना, याचा विचार व्हावा.

शब्दवेध (मंगळवार, सकाळी ११.४०)

स्पष्टवक्ता, दूरध्वनीचे उदाहरण तुम्ही दिलेत ते बरे झाले. दूरध्वनीवर पत्ता सांगणारा माणूस पाहा: 'इथून सरळ या, मग डावीकडे वळा' असे म्हणताना त्याचा मोकळा हात सरळ जातो आणि वळतो. ऐकणाऱ्याला तो हात दिसणार नाही, हे त्याला पुरते माहीत असते. मग हात हलतो कोणासाठी?

यावर १९९८ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन मला महत्त्वाचे वाटते. जन्मापासून अंध असलेली मुले, ज्यांनी कोणाचेही हातवारे कधी पाहिलेले नाहीत, तीही बोलताना हातवारे करतात आणि ऐकणारी व्यक्ती अंध आहे हे ठाऊक असतानाही करतात, असे जॅना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो यांना आढळले. याचा अर्थ असा की बोलणे आणि हात यांची उगमाची जागा पुष्कळशी एकच आहे. हात हे बोलण्यातील तूट भरून काढणारे साधन नाही. मूलही वर्षाच्या आसपास बोट दाखवू लागते. 'तो बघ चांदोबा' हे वाक्य त्याच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी त्याने चंद्राकडे बोट केलेले असते आणि आई पाहते आहे ना, हे वळून तपासलेले असते.

येथे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. बोलण्याबरोबर आपोआप चालणारे हात हा एक प्रकार आहे. त्यांना ठरलेला अर्थ नसतो आणि बोलणे काढून घेतले तर ते काहीच सांगत नाहीत. शब्दाऐवजी वापरायच्या ठरीव खुणा हा दुसरा प्रकार, उदाहरणार्थ ओठांवर बोट ठेवून 'गप्प', पाचही बोटे एकत्र करून तोंडाकडे नेत 'जेवलास का?', उघडा पंजा मनगटातून फिरवत 'काय झालं?' किंवा 'कुठे?'. पहिला प्रकार माणूसजातीत सर्वत्र आहे, दुसरा शिकावा लागतो. कृष्णाकाठ यांची डोलणारी मान या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि म्हणूनच ती इतकी निसटती वाटते.

मौनराग (मंगळवार, दुपारी १.१५)

शब्दवेध यांनी केलेल्या भेदात मला एक तिसरा प्रकार जोडायचा आहे, कारण तो सुटला तर फार मोठा गैरसमज होतो. माझे आईवडील दोघेही कर्णबधिर आहेत आणि माझी पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. लोक तिला 'खाणाखुणा' म्हणतात. त्या वापरातून असे सुचवले जाते की त्यांच्याजवळ भाषा नाही, केवळ काम भागवणारे हातवारे आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. 'कोण', 'कुठे', 'काय' हे प्रश्नवाचक वाक्याच्या शेवटी येतात. नकारही शेवटाकडे येतो. आणि 'तू जेवलीस?' हा प्रश्न 'तू जेवलीस' या विधानापासून वेगळा होतो तो उंचावलेल्या भुवयांमुळे आणि पुढे झुकलेल्या मानेमुळे. तुम्ही ज्याला हावभाव म्हणता तो आमच्या घरात व्याकरणाचा भाग आहे. चेहरा निर्विकार ठेवून हात चालवले तर आई मला म्हणते की तू पुटपुटतो आहेस.

१८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि शाळांतून खुणांनी शिकवणे बंद करून केवळ ओठ वाचायला आणि बोलायला शिकवावे, असा ठराव तिने केला. त्याचे पडसाद जगभर उमटले आणि अनेक पिढ्यांना वर्गात हात मागे बांधून बसावे लागले. स्पष्टवक्ता, आपल्या शाळेतील वक्तृत्वाच्या तासाची त्याच्याशी तुलना मी करत नाही. परंतु 'हात स्थिर ठेवा' या सूचनेमागे बोललेली भाषा तेवढी खरी, हा जो विश्वास आहे, त्याने माझ्या आईवडिलांच्या पिढीचे मोठे नुकसान केले.

आता स्थिती पुष्कळ बदलते आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत स्थापन झाले, त्याचा पहिला कोश २०१८ साली सुमारे ३,००० शब्दांचा होता आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांपर्यंत गेला. कृष्णाकाठ, खुणा नोंदल्या जात नाहीत ही आपली खंत निदान या एका बाबतीत थोडी कमी व्हावी.

स्पष्टवक्ता (मंगळवार, दुपारी २.३०)

मौनराग, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि तो येथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार मानतो. सांकेतिक भाषेला भाषा म्हणण्यास माझा कोणताही आक्षेप नाही; ती नेमकी आहे आणि मी नेमकेपणाच्याच बाजूने बोलत होतो. माझा आक्षेप बोलू शकणाऱ्या दोन माणसांनी उत्तर टाळण्यासाठी केलेल्या खुणांना आहे, आणि तो कायम आहे.

बाजारकट्टा (मंगळवार, सायंकाळी ६.५०)

खूण संदिग्धच असते, हे गृहीत मला मान्य नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांचा व्यापार होता. बैलबाजारात घेणारा आणि दलाल उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटे धरतात. जितकी बोटे धरली तितका आकडा. तो शेकड्याचा की हजाराचा, हे समोरच्या जनावराकडे पाहून दोघांनाही ठाऊक असते. तोंडाने मात्र बैलाचे दात, वशिंड, चाल यांच्या गप्पा चालू असतात. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव कोणाला कळत नाही आणि त्या दोघांत कधी एका रुपयाचाही घोळ होत नाही. याहून नेमके बोलणे कोणते?

या कौशल्याची दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. शेतमालाच्या बाजारात हीच रीत 'हत्ता पद्धत' म्हणून ओळखली जाते. तेथे अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली भाव ठरवतात, आणि ज्याने वर्षभर राबून माल पिकवला तो शेतकरी शेजारी उभा राहूनही आपल्या मालाला कोणी किती देऊ केले हे जाणू शकत नाही. बाजार समित्यांमध्ये विक्री उघड लिलावाने व्हावी, हा आग्रह त्यासाठीच धरला जातो आणि तो योग्य आहे. बैलबाजारात जनावराचा मालक सहसा स्वतःच हात घालतो किंवा आपल्या विश्वासातील माणसाला घालायला लावतो. रुमालाखालचा हात कोणाचा आहे, यावर त्या खुणेचा न्याय-अन्याय ठरतो.

मुक्ता_को (मंगळवार, सायंकाळी ७.२०)

मी लहानपणीच्या खुणा लिहिते. कट्टी करताना आम्ही करंगळीत करंगळी अडकवून ती झटकन सोडवत असू आणि बट्टी करताना तर्जनी व मधले बोट जोडून समोरच्याच्या बोटांना लावत असू. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात आले तेव्हा येथील मुले अंगठ्याने कट्टी करताना पाहिली. वर्गात करंगळी वर केली की बाई काही न विचारता बाहेर जाऊ देत. जांभई आली की आजी तोंडासमोर चुटकी वाजवी; तीच चुटकी वाजवून कोणाला हाक मारली तर मात्र तिच्याकडून बोलणी बसत.

आणखी एक विशेष गोष्ट म्हणजे बोटे मोडणे. नातवाच्या गालांवरून हात फिरवून ते आपल्या कानशिलांवर नेत कडाकडा बोटे मोडली तर ती माया असते, त्याची इडापिडा आपल्यावर घेतलेली असते. पाठमोऱ्या माणसाकडे पाहत हात पुढे धरून बोटे मोडली तर तो तळतळाट होतो. बोटांचा आवाज तोच असतो. ती कानशिलाशी मोडली की समोर धरून, एवढ्यावर आशीर्वाद की शाप हे ठरते.

चवदार_पाणी (मंगळवार, रात्री ९.०५)

अर्थ कसा ठरतो, हा या धाग्याचा मूळ प्रश्न आहे, म्हणून एक गोष्ट ठामपणे मांडतो. खूण कोणी कोणाला करायची, हे आपल्या समाजात जातीने ठरवलेले होते. माझ्या पणजोबांच्या पिढीला गावच्या वाड्यासमोर वाकून जोहार करावा लागे आणि त्याला उत्तर म्हणून समोरून मान हलली तर हलली. पाणी हवे असेल तर दुरून ओंजळ पुढे करायची आणि वरून ओतलेले पाणी प्यायचे. पैसे हातात न देता जमिनीवर टाकले जात. यांतील प्रत्येक हालचालीचा अर्थ दोन्ही बाजूंना अगदी स्पष्ट होता. तेथे संदिग्ध असे काहीच नव्हते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी ओंजळीने पाणी घेतले. हालचाल तीच होती, परंतु ओंजळ कोणापुढे पसरलेली नव्हती, ती स्वतः तळ्यात बुडवलेली होती. खुणेचा अर्थ माणसे बदलू शकतात, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. त्यानंतर जोहार गेला आणि ताठ मानेने 'जय भीम' आला.

बोट दाखवणे हे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. तरीही बाबासाहेबांच्या गावोगावच्या पुतळ्यांत उजव्या हाताचे बोट पुढे रोखलेले असते आणि डाव्या बाजूला पुस्तक असते. संसदेच्या आवारात १९६७ साली उभारलेला पुतळाही तसाच आहे. ते बोट कोणाला दरडावत नाही, ते दिशा सांगते, हे आमच्या वस्तीतील लहान मूलही ओळखते. आम्ही त्या बोटाकडे पाहून शिकलो.

पंढरीचीवाट (बुधवार, सकाळी ६.४०)

चवदार_पाणी यांचा प्रतिसाद वाचून रात्री बराच वेळ विचार करत होतो. वारीत दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वय, शिक्षण, जात यांपैकी काहीही न पाहता साठीतला गृहस्थ विशीतल्या मुलासमोर वाकतो आणि तो मुलगाही त्याच क्षणी वाकलेला असतो. घरी मात्र याच खुणेची दिशा ठरलेली असते, धाकट्याने थोरल्याच्या पायाला हात लावायचा. वाट सरून परत आल्यावर तीच माणसे पुन्हा जुन्या क्रमाने वागू लागतात, हेही मी पाहिले आहे आणि ते मला सलते. तरीसुद्धा दरवर्षी ते काही दिवस शरीराला समतेची सवय होते, याचे मोल मी कमी मानत नाही.

चवदार_पाणी (बुधवार, सकाळी ९.१५)

पंढरीचीवाट, सलते असे तुम्ही लिहिलेत म्हणून पुढे बोलता येते. माझे म्हणणे एवढेच आहे की वाटेवर वाकणारी पाठ गावात परतल्यावरही वाकली पाहिजे, आणि ते घडेपर्यंत त्या खुणेचा अर्थ अपुरा आहे.

मांडवीतीर (बुधवार, सकाळी ११.००)

आमच्या गोव्यातील ख्रिस्ती घरांत तिन्हीसांजेची प्रार्थना झाली की धाकटे हात जोडून थोरल्यांकडे 'बेसांव' मागतात आणि थोरले आशीर्वाद देतात. माझ्या शेजारघरात हा क्रम मी लहानपणापासून पाहत आले. आमच्या घरी त्याच वेळी देवापुढे दिवा लावून मुले आजोबांच्या पाया पडत. धर्म निराळे, शब्द निराळे, पण तिन्हीसांजेला धाकट्याने हात जोडून थोरल्यासमोर उभे राहावे, ही रीत दोन्ही घरांत होती. पंढरीचीवाट यांनी लिहिलेली घरातील दिशा येथेही तीच आहे.

शीघ्रकवी (बुधवार, दुपारी १२.१०)

भ्रमणध्वनीवरच्या चित्रखुणांचाही येथे विचार व्हावा. २०२० साली पाचही बोटे वर जुळवलेल्या हाताचे चित्र त्यांत आले. इटलीत त्याचा अर्थ 'तुला म्हणायचे तरी काय आहे?' असा होतो, इस्रायलमध्ये 'जरा थांब' असा, आणि माझ्या आईने मला ते 'जेवलास का?' म्हणून पाठवले. मी लगेच 'हो, पोळी-भाजी' असे उत्तर दिले, कारण पाठवणारी आई होती आणि दुपारचा एक वाजला होता.

पांढरी_टोपी (बुधवार, दुपारी ३.३०)

मी स्थानिक क्रिकेट सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. आमच्या खुणा लेखी नियमांत बांधलेल्या आहेत: षटकारासाठी दोन्ही हात डोक्यावर, लेगबायसाठी उचललेल्या गुडघ्याला स्पर्श, एखादी धाव अपुरी राहिली तर बोटांनी खांद्याला स्पर्श, आणि आधी दिलेली खूण मागे घ्यायची असेल तर दोन्ही हात छातीसमोरून विरुद्ध खांद्यांना लावायचे.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. नियम असा आहे की धावफलक लिहिणाऱ्याने प्रत्येक खुणेची स्वतंत्र पोच द्यायची आणि ती मिळेपर्यंत पंचाने खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. लेखनिक हात उंचावतो तेव्हा 'तुमचा निर्णय मला पटला' असे तो म्हणत नसतो, 'तुमची खूण मला दिसली' एवढेच म्हणतो. कृष्णाकाठ यांनी डोलणाऱ्या मानेचा जो अर्थ सांगितला, तो मला या पोचेसारखा वाटतो. पोच आणि मान्यता यांत गल्लत होऊ नये म्हणून मैदानावर दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. बैठकीत त्या एकाच मानेवर येऊन पडतात.

उत्तरसमुद्र (बुधवार, सायंकाळी ५.२५)

पांढरी_टोपी, हे अतिशय नेमके लिहिलेत. जर्मन माणूस बोलणे ऐकताना सहसा स्थिर राहतो आणि शेवटी एकदाच मान हलवतो, म्हणून तिचा अर्थ निर्णय असा होतो. आपण ऐकताना सतत पोच देत राहतो. आपल्याकडे श्रोत्याची मान थांबली तर बोलणाऱ्याला वाटते की काहीतरी चुकले. गाण्याच्या बैठकीत समेवर श्रोत्यांच्या माना हलल्या नाहीत तर गवयालाही तसेच वाटते.

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११.४५)

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे रोज शोधावे लागते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

ज्या रुग्णाच्या घशात कृत्रिम श्वासासाठी नळी असते, त्याला बोलता येत नाही. त्याच्याशी संवाद मान, डोळे आणि बोटे यांवरच चालतो. 'दुखते आहे का?' असे विचारल्यावर अशक्त माणसाची मान जी काही हलते ती होकाराची की नकाराची, हे समजणे कठीण जाते. त्यामुळे आम्ही आधी ठरवून घेतो: 'हो' असेल तर माझा हात दाबा, 'नाही' असेल तर तळहात उघडा ठेवा. मग ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा एक साधा प्रश्न विचारून ते ठरलेले नीट कळले आहे ना, याची खात्री करतो. शिवाय एका वेळी एकच प्रश्न विचारतो, 'पाणी हवंय की कूस बदलायची?' असे दोन प्रश्न जोडून विचारत नाही. एवढे केल्यावर कितीतरी रुग्णांचा चेहरा सैल होतो, कारण आपले म्हणणे कोणाला तरी कळते आहे, हे त्यांना उमगते.

नातेवाइकांच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड होतो. डॉक्टर घाईत समजावून सांगतात, समोरचा गृहस्थ डोलणारी मान थांबवत नाही आणि सांगणाऱ्याचा समज होतो की याला सर्व समजले. प्रत्यक्षात ती मान अनेकदा 'तुम्ही मोठे, तुम्हाला मध्येच थांबवणे बरे दिसत नाही' असे सांगत असते. गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, काय झाले तर ताबडतोब यायचे, हे मी सांगून झाल्यावर त्यांनाच विचारते, "दादा, घरी वहिनींना तुम्ही हे कसं सांगाल, ते मला एकदा सांगून दाखवा बरं." ते जे सांगतात त्यावरून काय पोहोचले आणि काय राहिले ते कळते. विचारताना स्वर परीक्षेचा नसावा, एवढे मात्र पाळावे लागते. स्पष्टवक्ता यांचा आग्रह मला समजतो, पण समोरच्याने स्पष्ट बोलावे असे वाटत असेल, तर त्याला तसे बोलण्याइतके निर्धास्त करण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. चवदार_पाणी यांनी लिहिले ते रुग्णालयातही खरे ठरते. ज्याला जन्मभर मान खाली घालायला लावले, त्याची डोलणारी मान संमती म्हणून लिहून घेणे हा अन्याय आहे.

स्पष्टवक्ता (गुरुवार, सकाळी ७.५०)

रात्रपाळी, तुमची 'सांगून दाखवा' ही रीत मला पूर्ण मान्य आहे. नेमकेपणाची जबाबदारी विचारणाऱ्यावरही आहे, हे वाक्य मी माझ्या मूळ प्रतिसादाला जोडून घेतो.

कृष्णाकाठ (गुरुवार, सकाळी ९.३०)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पांढरी_टोपी यांची 'पोच' आणि रात्रपाळी यांचा अनुभव एकत्र ठेवल्यावर माझ्या मताला एक जोड द्यावीशी वाटते. डोलणाऱ्या मानेत केवळ पोच नसते, कधी कधी थोरा-धाकटेपणाचा दाबही असतो. आमच्या बैठकीत वरिष्ठ बोलत असताना डोलणाऱ्या माना आणि बरोबरीचे सहकारी बोलत असताना डोलणाऱ्या माना यांच्याकडे आता मी वेगळ्या नजरेने पाहीन. युरोपातील सहकाऱ्यांना मी असे लिहून पाठवणार आहे: मान डोलली की तिला पोच समजावे, मग 'तुम्ही हे केव्हापर्यंत आणि कोणत्या क्रमाने कराल?' असे विचारावे, आणि ते सर्वांत धाकट्या सहकाऱ्यापासून विचारत जावे, म्हणजे वरिष्ठांचे उत्तर ऐकून बाकीच्यांच्या माना त्या दिशेने हलणार नाहीत.

खुणांचे स्वतंत्र टिपण करावे का, याविषयी अजून मते यावीत. नूपुर_सातारा यांची शंका रास्त आहे. एकेका खुणेपुढे एकेक अर्थ लिहून भागणार नाही. मुक्ता_को यांनी बोटे मोडण्याविषयी लिहिले तसे, कोणी, कोणाला, शरीराच्या कोणत्या जागी आणि कोणत्या प्रसंगी, हे चारही तपशील असतील तरच नोंद उपयोगी पडेल.

माणदेशी (गुरुवार, दुपारी १.०५)

त्या चार तपशिलांत वेग हा पाचवा जोडा. आमच्याकडे मान भरभर डोलली आणि बरोबर डोळे मिटून उघडले, तर काम होणार असे समजतात. ती सावकाश डोलली आणि ओठ मिटलेले राहिले, तर पुन्हा एकदा घरी जाऊन बसावे लागते.

मौनराग (गुरुवार, दुपारी १.४०)

माणदेशी, हा तपशील चित्रफितीतच नीट टिपला जाईल. कागदावर वेग उतरत नाही, म्हणूनच सांकेतिक भाषेचा कोश चित्रफितींच्या रूपात केला जातो. कृष्णाकाठ, टिपण करायचे ठरले तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने, त्यांचे हात आणि चेहरा दोन्ही दिसतील अशा चित्रफिती घ्याव्यात. चित्रीकरण कसे करावे, हे सांगायला मी तयार आहे.